मुलांना युरोपियन युनियन समजावून सांगताना

युरोपियन युनियनची ओळख करून द्यायची म्हटलं की बहुतेक पालक आणि शिक्षक २७ देशांच्या यादीपासून सुरुवात करतात. यादी, राजधान्या, झेंडे, मग चाचणी. मूल आठवडाभर घोकतं, ‘एस्टोनियाची राजधानी टॅलिन’ हे बरोब्बर सांगतं आणि हे सगळे देश एकत्र का आले असं विचारलं की गप्प बसतं. माझा आग्रह आहे की यादी सगळ्यात शेवटी द्यावी. आधी शेजाऱ्यांचं भांडण सांगावं, मग त्यावर काढलेला तोडगा, आणि त्या तोडग्यासाठी प्रत्येकाने काय सोडलं, त्याबदल्यात काय मिळवलं ते. ‘काय सोडलं, काय मिळालं’ एवढा एकच प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारत राहिलात तर नऊ-दहा वर्षांचं मूलही हा विषय नीट धरतं.

मी जर्मनीत राहते आणि इथल्या मराठी मुलांना शिकवते. त्यामुळे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दोन प्रकारची घरं आहेत: नोकरीनिमित्त नुकतीच युरोपात आलेली, आणि महाराष्ट्रात राहून मुलांना हा विषय शिकवणारी. साहित्य फारसं लागत नाही. युरोपचा एक कोरा नकाशा, पेन्सिली, जमल्यास युरोची चार-पाच नाणी आणि दोन वाट्या शेंगदाणे. शेंगदाणे कशाला, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: ऱ्हाइन नदी शोधा

कोऱ्या नकाशावर मुलांना आधी ऱ्हाइन नदी शोधायला लावा. तिच्या एका काठावर फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग आहे, समोरच्या काठावर जर्मनीतलं केल. स्ट्रासबुर्ग ज्या भागात येतं तो अल्सास. हा भाग १८७१ मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला. पहिल्या महायुद्धानंतर तो पुन्हा फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये हिटलरच्या जर्मनीने तो घेतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो परत फ्रान्सचा झाला.

मुलांना सांगा, १८६५ मध्ये इथे जन्मलेल्या आणि ऐंशी वर्षं जगलेल्या एका आजीची कल्पना करा. घर तेच, गल्ली तीच, आणि देश चार वेळा बदलला. शाळेची भाषा बदलली, टपालाची तिकिटं बदलली, मुलगा आणि नातू कुठल्या सैन्यात जाणार हेही बदललं. इथे मुलं थांबतात. ‘मग ती स्वतःला कोण म्हणवत असेल?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर द्यायची घाई करू नका, त्यांना आपापसात बोलू द्या.

यानंतर रोबेर शूमान यांची गोष्ट सांगा. त्यांचं अख्खं आयुष्य या सीमेच्या ओढाताणीत गेलं. जन्म १८८६ चा, लक्झेंबर्गमधला. वडील लोरेन प्रांतातले, आणि लोरेनचा तो भाग १८७१ मध्ये जर्मनीत गेलेला, म्हणून शूमान जन्माने जर्मन नागरिक. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रेंच झाले आणि पुढे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री. ९ मे १९५० रोजी, महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली असताना, त्यांनी पॅरिसमध्ये एक प्रस्ताव मांडला: फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक संस्थेच्या हाती द्यावं, आणि ज्या शेजाऱ्यांना यायचं असेल त्यांनी यावं. या प्रस्तावामागचा विचार आणि आखणी प्रामुख्याने फ्रेंच अधिकारी जाँ मोने यांची होती. ९ मे हा आजही युरोप दिन म्हणून पाळतात.

कोळसा आणि पोलादच का, हे मुलांनाच शोधू द्या. तोफा आणि रणगाड्यांना पोलाद लागतं, पोलाद करायला कोळसा लागतो. हे दोन्ही कोण किती काढतंय यावर सगळ्यांची नजर असली, तर कुणालाही गुपचूप युद्धाची तयारी करता येत नाही. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी करारावर सह्या केल्या. आता तो प्रश्न विचारा. काय सोडलं? आपल्याच खाणींवरचा एकट्याचा हक्क. काय मिळालं? शेजारी पुन्हा चालून येणार नाही याचा भरवसा.

१९५७ चा रोमचा करार आणि १९९२ चा मास्ट्रिख्टचा करार मोठ्या मुलांना जरूर सांगा. पहिल्याने व्यापाराची सामाईक बाजारपेठ सुरू झाली, दुसऱ्यातून ‘युरोपियन युनियन’ हे नाव आणि युरो चलनाचा निर्णय आला. दहा वर्षांखालच्या मुलांना या तारखांची गरज नाही.

दुसरी पायरी: सोसायटीचं उदाहरण, पण जपून

युनियन म्हणजे एक देश नाही आणि नुसता मैत्रीचा करारही नाही. ही मधली अवस्था मुलांना कळायला आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीसारखं उदाहरण नाही. प्रत्येकाचा फ्लॅट आपापला, आत काय शिजवायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. पण पाण्याची टाकी, जिना, गेट सामाईक, त्यासाठी नियम आणि दरमहा मेंटेनन्स. युनियनमध्येही देशाचं सैन्य, शाळा, दवाखाने, पोलीस बऱ्याच अंशी आपापले. व्यापाराचे नियम, आयात मालावरचा कर, शेतमालाची तपासणी या गोष्टी सामाईक. वर्गणी प्रत्येक देश भरतो, श्रीमंत देश जास्त भरतात. जर्मनी सगळ्यात जास्त देतो, आणि २००४ मध्ये आत आलेल्या पोलंडला रस्ते, रेल्वे, शेतीसाठी त्यातून प्रचंड पैसा मिळाला.

हे उदाहरण एका जागी तुटतं, आणि ते मुलांना दाखवायला हवं. सोसायटीत लहान-मोठा प्रत्येक सभासद एक मत देतो. इथे साडेआठ कोटींच्या आसपास लोकसंख्येचा जर्मनी आणि साडेपाच-सहा लाखांचा माल्टा शेजारी बसतात. मग मतं कशी मोजायची? तो खेळ चौथ्या पायरीत आहे.

तिसरी पायरी: हातात धरता येईल असा नियम

मुलांना ‘धोरण’ समजत नाही, वस्तू समजते. घरातला फोनचा चार्जर काढा. युनियनने कायदा केला की २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला टाइप-सी हेच पोर्ट हवं. कंपन्यांनी वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे फोन बनवण्यापेक्षा सगळीकडे तेच पोर्ट दिलं. आयफोनने २०२३ मध्येच आपलं जुनं पोर्ट सोडलं, पुण्यातल्या दुकानातसुद्धा. युनियनचा कारभार जिथून चालतो त्या ब्रसेल्समध्ये (बेल्जियमची राजधानी) झालेला निर्णय आपल्या घरातल्या प्लगपाशी कसा पोचतो, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

युरोपात राहणाऱ्यांनी पाण्याची प्लॅस्टिकची बाटली मुलांच्या हातात द्यावी. झाकण उघडलं तरी बाटलीलाच लटकून राहतं. जुलै २०२४ पासून हा नियम आहे, कारण सुटी झाकणं समुद्रकिनाऱ्यावर फार सापडायची. ११२ हा आणीबाणीचा नंबर सगळ्या सदस्य देशांत चालतो हेही सांगा आणि पाठ करून घ्या. भारतातही आता तोच नंबर आहे.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी माझ्या मते सगळ्यात चांगला धडा हापूसचा आहे. भारतातून आलेल्या मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्या म्हणून युरोपियन युनियनने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली. ऐन हंगामात. आंब्यासोबत वांगी, अळू, कारली आणि पडवळही बंद झाले. ब्रिटन तेव्हा युनियनमध्येच होता, त्यामुळे लंडनमधल्या आपल्या लोकांच्या दुकानांतही पेट्या यायच्या थांबल्या. पुढे भारताने तपासणी आणि प्रक्रियेची व्यवस्था सुधारली आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली.

यात मुलांना दोन गोष्टी दाखवा. एक, निर्णय एका जागी झाला आणि तेव्हाच्या सगळ्या २८ देशांना एकाच दिवशी लागू झाला. कोकणातल्या बागायतदाराला ‘फ्रान्स नाही तर इटलीला पाठवू’ अशी पळवाट उरली नाही. दोन, बंदी उठली तीही सगळीकडे एकदमच उठली. नाशिकच्या द्राक्षांचंही असंच आहे. फवारलेल्या औषधांचा अंश युनियनच्या मर्यादेत आहे का, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कंटेनर निघत नाही. पण एकदा तो नियम पाळला की नेदरलँड्सच्या बंदरात उतरलेला माल पुढे जर्मनीत जाऊ शकतो, मध्ये सीमेवर नवा कर लागत नाही. घरी कुणी द्राक्षबागायतदार नात्यात असेल तर मुलांना त्यांच्याशीच बोलायला द्या. फवारणीचं वेळापत्रक युरोपच्या नियमांवर कसं ठरतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं मूल विसरत नाही.

नाण्यांचा भाग मुलांना सगळ्यात आवडतो, त्यासाठी वेळ राखून ठेवा. युरोच्या नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी असते, दुसरी ज्या देशाने पाडली त्याची. आयर्लंडच्या नाण्यावर वीणेसारखं तंतुवाद्य, जर्मनीच्या एक आणि दोन युरोवर गरुड, ऑस्ट्रियाच्या एक युरोवर मोझार्ट, ग्रीसच्या एक युरोवर घुबड. हे घुबड अथेन्सच्या अडीच हजार वर्षं जुन्या नाण्यावरून घेतलेलं आहे. ग्रीसचं घुबड असलेलं नाणं फिनलंडच्या दुकानातही तितकंच चालतं. मुलांना सुट्या पैशांची चाळण करून कुठल्या कुठल्या देशांची नाणी सापडतात ते शोधू द्या, आणि प्रत्येक नाणं नकाशावर त्याच्या देशात ठेवायला सांगा.

नोटांवर खिडक्या, दारं आणि पूल आहेत, पण ते मुद्दाम काल्पनिक ठेवले. कुणा एका देशाचा खरा पूल छापला असता तर बाकीचे रुसले असते. नंतर नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे या गावाने नोटांवरचे ते पूल प्रत्यक्षात बांधले, अगदी नोटेच्याच रंगांत. त्याचे फोटो जरूर दाखवा.

नोटा आणि नाणी १ जानेवारी २००२ पासून चलनात आली. मात्र युनियनचा सभासद म्हणजे युरो वापरणारा, असं समीकरण होऊ देऊ नका. डेन्मार्क, स्वीडन, पोलंड, चेकिया, हंगेरी आणि रुमानिया आपापलं चलन वापरतात. बल्गेरियाने जानेवारी २०२६ मध्ये युरो घेतला, म्हणजे आता युरोवाले देश २१ झाले. स्वतःचं चलन सोडलं की काय जातं? व्याजदर आता आपल्या देशातली बँक ठरवत नाही, फ्रँकफर्टमधली युरोपीय मध्यवर्ती बँक ठरवते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे सांगता येतं, त्याआधी नाही.

चौथी पायरी: शेंगदाण्यांची संसद

कायदा कसा होतो ते थोडक्यात असं. ब्रसेल्समधलं युरोपियन कमिशन प्रस्ताव मांडतं. त्यात प्रत्येक देशाचा एक सदस्य असतो. मग तो दोन ठिकाणी मंजूर व्हावा लागतो: लोकांनी दर पाच वर्षांनी निवडून दिलेल्या ७२० खासदारांच्या युरोपीय संसदेत, आणि देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत. संसदेत जर्मनीचे ९६ खासदार आहेत, माल्टाचे ६. ही माहिती नुसती सांगितली तर मुलं जांभया देतात. म्हणून मंत्र्यांच्या परिषदेचा खेळ खेळा.

सहा मुलं घ्या, प्रत्येकाला एक देश द्या. दहा लाख लोकांमागे एक शेंगदाणा. जर्मनीला ८३ दाणे, फ्रान्सला ६८, नेदरलँड्सला १८, पोर्तुगालला ११, आयर्लंडला ५ आणि माल्टाला अर्धा, म्हणजे दाणा फोडून एक पाकळी. एकूण साडेएकशे पंच्याऐंशी. प्रस्ताव मुलांनीच ठरवावा. ‘रात्री नऊनंतर सगळ्या देशांत फटाके बंद’ असा काहीतरी, ज्यावर खरोखर वाद होईल.

नियम युनियनचाच: प्रस्ताव मंजूर व्हायला किमान ५५ टक्के देश हवेत आणि त्या देशांत मिळून किमान ६५ टक्के लोकसंख्या हवी. आपल्या खेळात याचा अर्थ सहांपैकी किमान चार देश आणि किमान १२१ दाणे. खऱ्या परिषदेत २७ पैकी १५ देश लागतात.

आता गंमत बघा. जर्मनी आणि फ्रान्स एकत्र आले, दाणे १५१ झाले, मुलं ओरडतात ‘झालं!’ पण देश दोनच, प्रस्ताव पडला. मग चार छोटे एकत्र येतात, देश पुरेसे आहेत पण दाणे पस्तीसही भरत नाहीत. पुन्हा पडला. शेवटी मोठ्यांना उठून छोट्यांकडे जावं लागतं, आणि छोटा काहीतरी मागतो: ‘दिवाळी आणि नववर्षाच्या रात्री सूट दे, मग हात वर करतो.’ ही देवाणघेवाण म्हणजेच ब्रसेल्समधलं खरं काम. मुलं मागण्या मांडू लागली की तुम्ही बाजूला बसा.

कुणीतरी हुशार मूल पकडेल की या खेळात जर्मनीने नाही म्हटलं तर काहीच मंजूर होत नाही, कारण उरलेल्यांचे मिळून १०३ दाणेही होत नाहीत. शाबासकी द्या आणि सांगा, खऱ्या युनियनमध्ये याचाही विचार केलेला आहे: एखादा प्रस्ताव लोकसंख्येच्या जोरावर अडवायचा तर किमान चार देश विरोधात लागतात, एकट्या-दुकट्याला ते जमत नाही.

दुसरी फेरी एकमताची खेळा. करांचे मोठे निर्णय, परराष्ट्र धोरण, नवा सदस्य आत घेणं यांना सगळ्यांचा होकार लागतो. आता तो एक पाकळीवाला माल्टा सगळा खेळ थांबवू शकतो. हे न्याय्य आहे का, यावर मुलांना भांडू द्या. मोठी माणसंही यावर अजून भांडताहेत. खेळ संपला की दाणे खाऊन टाका.

पाचवी पायरी: सीमा आणि पासपोर्ट

आता पुन्हा ऱ्हाइनकडे या. स्ट्रासबुर्गहून केलला आज ट्राम जाते. शाळकरी मुलं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका नदी ओलांडून दुसऱ्या देशात उतरतात. ज्या शहराने इतक्या वेळा देश बदलला तिथेच युरोपीय संसदेचं अधिकृत ठिकाण ठेवलं, हे मुलांना सांगा. पहिल्या पायरीतली आजी त्यांना आठवतेच.

सीमेवरची तपासणी काढण्याचा करार १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीवरच्या बोटीत झाला, आणि १९९५ मध्ये पहिल्या देशांनी तपासणी प्रत्यक्षात थांबवली. शेंगेन (म्हणजे हा करार पाळणारे देश) आणि युनियन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्कं करून घ्या. आयर्लंड युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे शेंगेनमध्ये आहेत, युनियनमध्ये नाहीत. नव्याने आलेल्या कुटुंबांचा इथे हमखास गोंधळ होतो आणि आयर्लंडमधल्या डब्लिनच्या सहलीच्या तिकिटांनंतर व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

सीमा कायमची पुसली गेली, असंही सांगू नका. स्थलांतर आणि सुरक्षेच्या कारणाने देश तात्पुरती तपासणी परत आणू शकतात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या भू-सीमांवर ती आणली. ट्राममध्ये पोलीस दिसला तर मुलाला आधीच माहीत असलेलं बरं.

युरोपात राहणाऱ्या आपल्या मुलांचा खरा प्रश्न मात्र विमानतळावर येतो, जिथे युनियनच्या नागरिकांची रांग वेगळी असते. ‘माझा जन्म म्युनिकचा आहे, मग मी त्या दुसऱ्या रांगेत का नाही?’ याला टोलवाटोलवी करू नका. युनियनचं नागरिकत्व स्वतंत्रपणे मिळत नाही, सदस्य देशाचं नागरिकत्व असेल तरच ते आपोआप येतं. आपला पासपोर्ट भारताचा, म्हणून आपली रांग वेगळी. इथला रहिवासी परवाना असलेला भारतीय दुसऱ्या शेंगेन देशात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतो. तिथे जाऊन कायमचं राहायला किंवा नोकरी करायला मात्र वेगळी परवानगी लागते. दोन पासपोर्ट शेजारी ठेवून हे दाखवता आलं तर उत्तम. मुलाच्या चेहऱ्यावर थोडं वाईट वाटलेलं दिसेल. वाटू द्या, आणि पुढे कुठल्या देशाचं नागरिकत्व घ्यायचं हा निर्णय आपलं कुटुंब कसा करणार आहे, ते त्याच्याशी मोकळेपणाने बोला.

सहावी पायरी: सोडून जाणारे, बाहेर राहणारे, रांगेत उभे असलेले

ब्रिटन १९७३ मध्ये आत आला. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायला कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो बाहेर पडला. मुलांना कोण चूक, कोण बरोबर हे सांगू नका. सोडलं काय आणि मिळालं काय, याचे दोन स्तंभ आखायला सांगा. आपल्या देशाचे नियम आपणच करायचे, हे मिळालं. फ्रान्स किंवा स्पेनमध्ये परवानगीशिवाय राहण्या-शिकण्या-नोकरीचा हक्क गेला. नॉर्वेच्या लोकांनी तर १९७२ आणि १९९४ मध्ये दोनदा सार्वमतात नकार दिला. आपले मासे, आपलं तेल, आपले निर्णय, असा त्यांचा विचार.

आता यादी द्या. मुलांनी नकाशावर पहिले सहा देश एका रंगाने रंगवावेत, मग १९७३, १९८१, १९८६, १९९५ मध्ये आलेले वेगवेगळ्या रंगांनी, मग २००४ चे दहा, २००७ मधले बल्गेरिया आणि रुमानिया, आणि २०१३ चा क्रोएशिया. २००४ ला वेळ द्या, कारण त्या दहांतले आठ देश १९८९-९० च्या सुमारापर्यंत कम्युनिस्ट राजवटीखाली होते. झेंड्यावरचे बारा तारे म्हणजे बारा देश, हा गैरसमज तेवढा दूर करा. देश कितीही वाढले तरी तारे बाराच राहतात. युनियनचं गीत बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतलं आहे आणि ते शब्दांविना वाजवतात, कारण अधिकृत भाषाच २४ आहेत. घोषवाक्य आहे ‘विविधतेत एकता’. आपली मुलं हे ऐकून चटकन मान वर करतात.

रांगेत उभे असलेले देश पेन्सिलीने फिकट रंगवायला सांगा: तुर्किये, सर्बिया, माँटेनेग्रो, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया, बोस्निया, जॉर्जिया, आणि २०२२ मध्ये उमेदवार ठरलेले युक्रेन आणि मोल्दोवा. तुर्कियेने १९८७ मध्ये अर्ज केला होता, ते अजून बाहेर आहेत. त्यामुळे खोडरबर जवळ ठेवा आणि नकाशा अशा ठिकाणी लावा जिथे बातम्या ऐकता ऐकता मुलांचा हात पोचेल.